अनयाला द्यायची काडतुसे

मृत्युपत्र लिहून ठेवणार: गुरुनाथ वामन सबनीस, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त इंजिनिअर, मूळचे सांगलीचे, हल्ली राहणार नोव्हाय, मिशिगन.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या अकलेने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. मला कॅन्सर आहे, पण तो रक्तात आहे, डोक्यात नाही. डॉक्टर उन्हाळ्याची खात्री देतात आणि पानगळीचा विषय काढला की चष्मा पुसू लागतात. त्यावरून मला जे समजायचे ते समजले. याआधी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

वकीलबाईंचे म्हणणे होते की इंग्रजीतच करा. मी त्यांना सांगितले, चाळीस वर्षे ऑफिसात इंग्रजीत भांडलो, आता जाताना तरी मराठीत बोलू द्या. शेवटी मूळ प्रत मराठीत आणि सोबत इंग्रजी भाषांतर, असा तह झाला.

१. नोव्हायचे राहते घर, बँकेतली व निवृत्तीच्या खात्यांतली सर्व शिल्लक माझी पत्नी सौ. प्रीता हिला मिळावी. यात कोणाशीही चर्चा नाही. पुढे तिला घर विकून सांता क्लाराला बहिणीजवळ राहावेसे वाटले, तर अनयाने, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीने, मोडता घालू नये. माझे सूट देऊन टाकावेत. ते मला कधीच नीट बसले नाहीत.

बर्फ उडवण्याचे यंत्र शेजारी डॉ. बाळ उपासनी यांना द्यायचे होते. परंतु ते या कागदाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही मिळालेले बरे दिसत नाही असे वकीलबाई म्हणतात. म्हणून यंत्र मी त्यांच्या गॅरेजमध्ये परवाच ढकलत नेऊन ठेवले. आता ते माझे नाही, सबब त्याचा उल्लेखही नाही.

२. आता तळघर. मंडळातल्या लोकांना सबनीसांच्या तळघरात बंदुका आहेत एवढेच ठाऊक आहे आणि दर गणपतीला ती बातमी थोडी वाढते. खरी गोष्ट अशी की मी नोकरीभर एकच काम केले: बंद जागेत एखादी वस्तू किती वेगाने जळते ते मोजणे. गाड्यांच्या इंजिनात तेच असते आणि रायफलीतही तेच. फरक इतकाच की रायफलीतला दट्ट्या एकदा गेला की परत येत नाही. ऑफिसातल्या एका मित्राने मला पहिल्यांदा शिकारीला नेले, आणि तिथून आल्यावर मी स्वतःची काडतुसे स्वतः भरू लागलो. पितळी नळी, तळाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत पावडर, तोंडाशी गोळी. एवढाच संसार आहे.

पण त्यात पावडर निवडणे हे खरे काम. मॅग्नम रायफलीच्या काडतुसाची पितळी नळी पोटाने मोठी असते, आणि गोळी जड असली तर ती जागची हलायला वेळ घेते. अशा वेळी भरभर जळणारी पावडर घातली तर गोळी निघायच्या आतच सगळा जाळ होऊन बसतो आणि दाब नको तितका चढतो. बंद पडलेली ॲम्बॅसिडर लाथ मारून पुढे जात नाही. पाठ लावून, दम धरून रेटावी लागते. सावकाश जळणारी पावडर तसे रेटते. गोळी रायफलीच्या नळीच्या टोकाला जाईपर्यंत ती मागे लागून राहते. म्हणून जड गोळीला सावकाश पावडर, हे मी कोणालाही, झोपेतून उठवले तरी, सांगेन. किती घालायची ते मात्र मी कागदावर लिहिणार नाही. ते छापील पुस्तकात पाहावे आणि त्यातल्या सर्वांत कमी आकड्यापासून सुरुवात करावी.

३. पायऱ्यांखालच्या फळीवरचे स्टीलचे चार एकसारखे डबे प्रीताला परत. कारण नोंदवून ठेवतो. एका दिवाळीला पाहुणे तळघरात बसणार म्हणून हिने माझे काडतुसे भरायचे बाक आवरले. चार कंपन्यांचे चार विचित्र डबे डोळ्याला खुपतात म्हणून चारही पावडरी लग्नातल्या या डब्यांत ओतल्या, मूळ डबे कचऱ्यात टाकले, आणि मला हाक मारली, “बघा, आता कसं घरासारखं दिसतंय!” चारही काळ्या, चारही बारीक दाण्यांच्या. कुठली सावकाश आणि कुठली भरभर जळणारी, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. मी एक शब्द न बोलता सगळी मागच्या हिरवळीवर पसरून टाकली. शब्द बोललो नाही असे मी म्हणतो, हिचे म्हणणे वेगळे आहे. त्या वर्षी कुंपणाजवळचे गवत फार छान आले.

सबब: माझ्या पश्चात ज्या पावडरीच्या डब्यावर कंपनीची चिठ्ठी नसेल, ती वास घेऊन, रंग बघून ओळखण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. थेट हिरवळीवर.

४. माझे साडू नकुल मथकर, सांता क्लारा, यांना बाकाखालचा रबरी हातोडा. त्यांना हातोडा का, ते त्यांना माहीत आहे. इतरांसाठी लिहितो. कोलोरॅडोत एल्क हरणाच्या शिकारीला आम्ही बरोबर गेलो होतो. ह्यांनी जड गोळीमागे भरभर जळणारी पावडर भरून आणली होती, कारण तीच घरात शिल्लक होती. मी म्हटले, हे बरे नाही. ते म्हणाले, “अरे यार, चालतं. इंटरनेटवर लोक करतात.” पहिल्याच गोळीनंतर रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, दाबाने अशी गच्च बसली की ती ह्याच हातोड्याने ठोकून उघडावी लागली. नशीब, हातोडा माझ्याकडे होता. परत आल्यावर मात्र ह्यांनी साऱ्या नातेवाइकांत सांगितले की गुरुनाथ फार भित्रा आहे, अस्वलापेक्षा पुस्तकाला जास्त घाबरतो. मी त्यांना माफ केलेले नाही. हातोडा पोस्टाने पाठवावा, पाठवणावळ इस्टेटीतून द्यावी. दुसरे काहीही त्यांना देऊ नये.

५. माझी मुलगी अनया ही अलास्कात, किनाऱ्यावर, सॅल्मन माशांची गणती करते. मासे जिथे असतात तिथे अस्वले असतात. उन्हाळ्यापासून पानगळीपर्यंत ती ओढ्याच्या काठाने झाडीतून हिंडते, खांद्याला आखूड नळीची मॅग्नम रायफल असते, आणि तिच्यातली काडतुसे मी भरलेली असतात. तिला शिकारीचा शौक नाही. आजवर तिने अस्वलावर गोळी झाडलेली नाही आणि झाडावी लागू नये अशीच तिची व माझी इच्छा आहे. पण वेळ आलीच तर ते काडतूस उडालेच पाहिजे, आणि पाठोपाठ दुसरेही. मी गेल्यावर ती काय घेऊन त्या झाडीत जाईल, ही एकच गोष्ट आहे जिच्यामुळे मला झोप लागत नाही. कॅन्सर असून लागते, औषधाच्या गोळ्यांनी.

भरायला शिक म्हणून मी तिच्या किती मागे लागलो. दर वेळी एकच उत्तर, “बाबा, तुम्ही आहात ना. आईचं लोणचं मी घालते का?”

तरी या हिवाळ्यात मी तिच्यासाठी काडतुसे भरून ठेवली आहेत. जड गोळी, माझी लाडकी पावडर, पुस्तकातल्या तक्त्यात सर्वांत सावकाश जळणाऱ्यांपैकी. पुष्कळ वर्षे पुरतील. ती सर्व, तसेच बाक, काडतुसे भरायचे दाबयंत्र, तराजू व पुस्तके अनयाला मिळावीत.

६. दहन येथेच करावे. राख मिशिगनच्या कुठल्याही स्वच्छ तळ्यात सोडावी. शिकारी लोकांत हल्ली मेलेल्याची राख काडतुसात भरून आकाशात उडवण्याची टूम निघाली आहे म्हणे. नकुलरावांनी हौसेने तसे सुचवले होते. माझ्या राखेचा जळण्याचा वेग कोणी मोजलेला नाही. तिला कुठल्याही रायफलीत घालू नये.

७. वरची कलमे मार्चमध्ये लिहिली, सही राहिली होती. आता मे उजाडला आहे. या कलमाने कलम पाचमधला काडतुसांचा भाग मी रद्द करीत आहे. वकीलबाई म्हणाल्या, पान नव्याने टाइप करू. मी नको म्हटले. का बदलले ते अनयाला वाचायला मिळाले पाहिजे, कारण त्या वेळी ती रडत होती आणि माझे निम्मे बोलणे तिने ऐकले नाही.

सीझन सुरू होण्याआधी ती आठवडाभर घरी आली. तिला मी कलम पाच वाचून दाखवले. तिने माझ्या हातातला कागद घेऊन ते स्वतः पुन्हा वाचले. मग म्हणाली, “बाबा, मी असं करीन. रायफलीच्या मॅगझिनमध्ये सगळ्यात वर नेहमी तुमचं एक ठेवीन. एव्हरी सीझन. बाकीची स्टोअरमधली घेईन.”

“का?”

“का म्हणजे? फर्स्ट शॉट तुमचा. तुम्ही माझ्याबरोबर असाल.”

मला भरून आले, ते लपवत नाही. प्रीता तर उठून आत गेली. पण माझे डोळे पुसून होईपर्यंत माझ्या लक्षात आले की ही पोरगी ते काडतूस कधी उडवणारच नाही. वर्षानुवर्षे ते रायफलीत आत-बाहेर करील, समुद्राच्या ओल्या हवेत खराब होईपर्यंत जपेल, आणि एक दिवस अस्वल समोर आल्यावर तिचा हात क्षणभर अडेल, कारण ते बाबांचे आहे. मी तिला तसे विचारले. तिने नाही म्हटले नाही.

“अस्वलासमोर मला आठवण म्हणून उभं करू नकोस,” मी म्हणालो, आणि खाली जाऊन पहिल्या काडतुसाची गोळी उपटायला घेतली.

“स्टॉप इट! ती माझी आहेत, तुम्ही लिहून दिलंय!”

“मेल्यावर. अजून मी आहे.”

सोळाव्या वर्षी आपटायची तसा दरवाजा आपटून ती वर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र खाली आली, शेजारी बसली आणि माझ्याबरोबर गोळ्या उपटू लागली. दुपारपर्यंत सगळी मोकळी झाली. आतली पावडर हिरवळीवर गेली.

मग मी तिला खुर्ची दिली आणि म्हटले, आता तू भर. मी हाताची घडी घालून गप्प बसलो. गप्प बसलो, हे प्रीता शपथेवर सांगेल. तक्ता पाहताना तिचे बोट माझ्या लाडक्या पावडरीवर आले, थांबले आणि वर सरकले, जरा कमी सावकाश जळणाऱ्या एका पावडरीवर. मला राहवले नाही.

“नळी आखूड आहे म्हणून ना? तो लोकांचा गैरसमज आहे. आखूड नळीतही वेग सावकाश पावडरच जास्त देते.”

“आय नो, बाबा. स्पीडचं नाही. तुमच्या पावडरचा नळीबाहेर केवढा फ्लॅश पडतो माहितीये? अस्वलं संध्याकाळी येतात. पहिला शॉट मिस झाला, तर दुसरा मला दिसायला नको? हिच्यात फ्लॅश कमी करणारं केमिकल आहे. थोडा स्पीड गेला तरी चालेल.”

मी इतकी वर्षे चाचण्या केल्या त्या भर दुपारी, सिमेंटच्या बाकावर बसून. संधिप्रकाशात अस्वलासमोर मी कधी उभा राहिलो नाही, ती राहिली आहे. तिने पुस्तकातला सर्वांत कमी आकडा घेतला, प्रत्येक माप तराजूवर घातले, प्रत्येक पितळी नळीत डोकावून पाहिले. डब्यावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली.

काल आम्ही नेमबाजीच्या रेंजवर गेलो. काडतुसे भरणाऱ्यांत एक नियम आहे की दुसऱ्याने भरलेले काडतूस उडवायचे नाही. माणूस कितीही जवळचा असो. अनयाला माझी चालायची, कारण भरणारा मी होतो आणि माझ्या कामाबद्दल मला शंका नव्हती. मी स्वतः मात्र परक्या हाताचे एकही काडतूस आजपर्यंत रायफलीत घातले नव्हते. ती बाकावर बसायला निघाली तेव्हा मी तिला बाजूला हो म्हटले.

“बाबा, नो वे! तुमचा प्लेटलेट काउंट काय आहे? नुसता धक्का लागला तरी रक्त साकळतं!”

“पहिलं मी उडवणार.”

तिने डोळे मिटून घेतले. मी नाही मिटले. आवाज झाला, धक्का बसला, बोल्ट एका बोटाने उघडला. पितळ स्वच्छ होते, जादा दाबाची खूण नव्हती. मी ते तिच्या हातात दिले आणि म्हणालो, “जा तू आता अलास्काला.” मला तिची काळजी वाटत नाही, हे या मृत्युपत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे आणि भाषांतरात ते गाळू नये.

सबब: मी भरलेले एकही काडतूस आता या घरात नाही. चुकून सापडलेच तर ते नष्ट करावे, जपून ठेवू नये. अनयाला बाक, दाबयंत्र, तराजू, पुस्तके आणि रिकामे पितळ मिळावे. पावडर विमानातून नेता येत नाही, ती तिने तिकडेच विकत घ्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

८. खालची सही माझीच आहे. ती नेहमीपेक्षा वाकडी आली आहे. दुखण्याने हात थरथरत होता, शुद्ध नव्हती, असा तर्क कोणी, विशेषतः नकुलरावांनी, करू नये. माझा उजवा खांदा काळानिळा झालेला आहे आणि हात वर उचलवत नाही. तो धक्का माझ्या मुलीने भरलेल्या काडतुसाचा आहे.

स्थळ: नोव्हाय, मिशिगन
दिनांक: ११ मे २०२५

(सही) गुरुनाथ वामन सबनीस

गुरुनाथराव पूर्ण शुद्धीवर आहेत. त्यांनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर. शर्टाचे बटण काढून त्यांनी खांदाही दाखवला. आम्ही नको म्हणत असताना दोनदा दाखवला.

साक्षीदार:
(सही) डॉ. बाळ उपासनी, शेजारी
(सही) रत्ना पाठारे, शेजारी