शहादेवाचं वारं

प्रिय शिवकन्या,

तुला माहेरी नांदूरघाटला जाऊन महिना होत आला. फोन केला की तुझा भाऊ उचलतो आणि ताई झोपल्यात म्हणतो. भर दुपारी कोण झोपतं गं? म्हणून हे पत्र सांगतेय. लिहिणारी तुझी लेकच, स्वप्नाली. मी 'कावून' म्हटलं की ती 'का' लिहिते, आणि वर मलाच हसते.

हसते, हीच मोठी बातमी. गोळ्या लागू पडल्यात, झोप लागते. दिवाळीआधी दिवसरात्र जागी राहून घरातली लुगडी वाटत सुटली होती, आठवतं ना? माझी पैठणी शेजारच्या वत्सलाबाईच्या अंगावर दिसली की जीव जळतो. तिला शोभते, म्हणून जास्तच जळतो. मग पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली, आणि डॉक्टरला दाखवायच्या आधीच माझ्या लेकानं निकाल दिला. तुझी आत्या वर्षानुवर्षं कुणाशी बोलत नव्हती, म्हणून खोट तुझ्या माहेरची. चार पाहुण्यांदेखत बोलला आणि तुला गाडीत बसवलं. विजयसिंह माझ्याच पोटचा, पण असला संताप मला जन्मात आला नव्हता.

परवा आम्ही तिघं बीडला गेलतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही? विजयसिंहानं तुझी आत्या पुढं केली. मी म्हटलं, थांब, माझा भाऊ शहादेव.

"आई, मामाच्या तर अंगात यायचं."

काय यायचं रे अंगात? त्याच्या कानात बायका भांडायच्या. विहिरीवर उभा राहून तो त्यांना शिव्या द्यायचा. जेवणात विष आहे म्हणून ताट लोटायचा. लोक म्हणाले देवाचं वारं, नारळ फोडले, पाया पडले. गोळी कुणी दिली न्हाई. नारळांच्या ढिगाशेजारी माझा भाऊ उपाशी वाळून गेला. गड्याला झालं की वारं, आणि पोरीला झालं की तिच्या आईची खोट!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शहादेवाचा तो स्किझोफ्रेनिया असावा, स्वप्नालीचा बायपोलर. (नावं तुझ्या लेकीनंच लिहिली, माझी जीभ वळत न्हाई.) आजार दोन, पण रक्तातली मुळं बरीचशी एकच. एकाच घरात एकाला हा होतो, दुसऱ्याला तो. मी विचारलं, म्हणजे एकाच पिठाची भाकरी आणि धपाटं? हसल्या, म्हणाल्या, जवळपास तसंच. मुळं बारीक बारीक, पुष्कळ, आईकडून येतात तशी बापाकडूनही. ती असली म्हणून आजार होतोच असं न्हाई, आणि त्यात कुणाचाच गुन्हा न्हाई. विजयसिंह वर पंख्याकडे बघत बसला. पंखा बंद होता.

आता ज्यासाठी पत्र, ते ऐक. रविवारी तो तुला न्यायला येतोय. लगेच पिशवी भरू नकोस. ज्या पाहुण्यांदेखत त्यानं तुझ्या माहेराला खोट लावली, त्यांनाही मी तिकडंच बोलावलंय. त्यांच्यासमोर, तुझ्या भावासमोर, त्यानं म्हणायचं की ही मुळं माझ्या आईच्या माहेरीही आहेत आणि शिवकन्येला मी उगाच दोष दिला. "आईनं सांगितलं म्हणून" असं पुटपुटला, तर चहा पाज आणि माघारी लाव. मग मी आणि स्वप्नाली सोमवारच्या एसटीनं तिकडंच येतो, दोन खाटा टाकून ठेव. चहात साखर मात्र नीट घाल, आपल्याकडून काही कमी नको.

तुझीच, तुझ्या बाजूनं भांडणारी सासू,
सारजाबाई
(अंगठा पुसट उठला असेल तर लेकीला बोल, शाई तिनं लावली.)