तिघांतले दोघे

पप्पा, मी त्या एमआरआयच्या मशीनमध्ये जाऊन आले. तुम्हाला ज्या दारातून परत पाठवलं होतं तिथे नव्हे. ते सेंटर कधीच बंद पडलं, आता तिथे चपलांचं दुकान आहे. मी गेले ते घाटकोपरला. पण दारावरची पाटी तीच, छातीत पेसमेकर असलेल्यांनी आत येऊ नये. ती वाचून मी थबकले, तशी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकी, पाटी जुनी आहे. तुमचा चालतो." माझा चालतो, पप्पा. तुमच्यासारखंच माझंही हृदय पन्नाशीत संथ झालं आणि छातीत तशीच एक डबी बसली, फक्त नव्या जातीची, चुंबकाला न बिचकणारी. तेवढ्यावर भागलं असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता. पण दिवाळीपासून माझा डावा पाय फरफटतो. चप्पल पायातून निसटते आणि मला कळतही नाही, तुमची निसटायची तशी.

मरोळच्या त्या गाळ्यात तुम्ही उपग्रहात जाणारे सर्किट बोर्ड तपासायचात. किरणांचा मारा करणाऱ्या खोलीत ठेवलेले नमुने परत आले की घरी येऊन सांगायचात, आज मार खाऊन आलेत. एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून मला घेऊन गेलात. टेबलावर दोन बोर्ड आहेत, एक कोरा, एक मार खाल्लेला, आणि तुम्ही म्हणताय, "ओळख बघू." दोन्ही सारखेच हिरवे, सारखेच चकचकीत. मी चुकीच्यावर बोट ठेवते आणि तुम्ही खूश होता. "वरून काय दिसत नाही गं. आत साठत जातं. मग एक दिवस साधी बेरीज चुकते." त्यावरचा तोडगाही तेव्हाच सांगितलात. महत्त्वाचं काम असेल तर एकच बेरीज तीन सर्किटांना करायला लावायची आणि दोघांचं उत्तर जुळेल ते खरं धरायचं. एखादं बिथरलं तरी बाकीचे दोघे सांभाळून घेतात.

हे तुम्ही गाळ्यातच ठेवायला हवं होतं. पण तुम्ही ते घरी आणलंत. रविवारी बांगडे की सुरमई, गणपतीला गावी कधी निघायचं, मी सायन्सला जायचं की कॉमर्सला, सगळ्याला तिघांतले दोघे. आपण होतोही तिघंच, त्यामुळे बरोबर जमायचं. मी मात्र दरवेळी हरायचे, कारण आई आधी तुमच्या तोंडाकडे बघायची आणि मग मत द्यायची. मी चिडून म्हणायचे, हे काय मत झालं? तुम्ही हसून सुरमई आणायला निघून जायचात.

मग तुमचे पाय गेले. एकदम नाही, साठत साठत. एमआरआय काढायचा नाही, कारण चुंबकापुढे ती जुनी डबी काय करेल याचा भरवसा नव्हता. आयुष्यभर तुम्ही अवकाशातला मार सोसणारी यंत्रं पारखलीत आणि तुमच्या स्वतःच्या छातीत बसलं ते असं नाजूक, यावर तुम्ही विनोद करायचात, मला हसू यायचं नाही. सीटीत काही दिसलं नाही. पहिले डॉक्टर म्हणाले, मणके झिजलेत, वय आहे. दुसऱ्यांनी सीटीची तीच फिल्म उजेडापुढे धरली आणि तेच म्हणाले. तिसरी डॉक्टर वयाने लहान होती. तिने फिल्म बाजूला ठेवली, तुमच्या तळपायावर किल्ली ओढली, पोटावर टाचणी टोचत वर वर गेली आणि म्हणाली, "काका, आत काहीतरी दाबतंय. पाठीत सुई घालून औषध सोडू, मग फोटो काढू. त्यात दिसेल." रिक्षात बसल्यावर तुम्ही निकाल दिलात. "तिघांतले दोघे. विषय संपला." आईने तुमच्याकडे बघून मान हलवली.

पप्पा, तुमची ती तीन सर्किटं एकमेकांचं बघून बेरीज करत नव्हती ना? मग एकच फिल्म बघणारे दोन डॉक्टर हे दोन कसे झाले? ते एकच मत होतं, दोन तोंडांतून आलेलं. मला हे तेव्हा सुचलं नाही, आणि तुम्हाला सुचायला हवं होतं याचा राग अजून जात नाही. त्यानंतर काठी, मग कॉट, मग पाठीच्या जखमा, आणि शेवटी छातीत भरलेला कफ. मृत्यूच्या दाखल्यावर तेवढंच लिहिलं. पाय कशाने गेले ते कुणी लिहिलं नाही, कुणाला माहीतच नव्हतं.

माझ्या वेळी, मशीनच्या आत जाण्याआधी एका पोरीने माझ्या छातीवर यंत्र धरलं, टॅबलेटवर काहीतरी दाबलं आणि डबीला त्या अर्ध्या-पाऊण तासापुरतं वेगळ्या चालीवर टाकलं. हातात रबराचा चेंडू दिला, घाबरलात तर दाबा. मी दाबला नाही. त्या ठकठकाटात पडून मी काय मागितलं सांगू? काहीतरी असं निघू दे, ज्यावर आजही इलाज नाही. म्हणजे तुमच्या वेळीही नव्हताच, असं म्हणून मोकळं होता आलं असतं.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. पाठीच्या कण्यात, नसांच्या दोरीला चिकटून, वालाच्या दाण्याएवढं काहीतरी. "साधी गाठ वाटते. काढली की पाय बराच सुधारेल. वेळेवर आलात." मी तुमचं सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, असेलही, नसेलही. बघितल्याशिवाय कसं सांगणार? मग हळूच विचारलं, "त्यांना कुणी सुई घालून फोटो काढायला सांगितलं नव्हतं का?" मी नाही म्हणाले.

घरी आले तर आई दारातच खुर्ची टाकून बसलेली. आता तिला ऐकू कमी येतं, पण माझी चाल ओळखते. "काय म्हणाले गो? तेंका होतां तांच ना?"

"नाही गं. वेगळंच आहे. पप्पांचं ते मणक्यांचंच होतं."

"माका ठावक आसा," ती म्हणाली आणि माझ्या पायाकडे बघत राहिली. या खेपेला मत द्यायला तिच्यासमोर तुमचं तोंड नव्हतं.

म्हणजे मणके की गाठ, यावर एकाला एक झालं, पप्पा. तुमचं मत विचारावं म्हणून हे लिहायला बसले होते. पण खरं सांगू? तुम्ही आत्ता दारात येऊन उभे राहिलात, तर तुम्ही तोंड उघडायच्या आधी मी म्हणेन, जा, सुरमई घेऊन या.