निकृष्ट नमुने

बराकपूर,
१८ नोव्हेंबर २०२४

लीना,

सप्रेम नमस्कार लिहावा इतकी मी आज शांत नाही, पण रीत मोडवत नाही म्हणून लिहिते. इकडे आम्ही ठीक. तू, अरुण आणि बाळ बरे असाल. थंडी म्हणावी अशी अजून नाही, तरी शेजाऱ्यांच्या माकडटोप्या बाहेर आल्यात आणि बाजारात खजुराचा नवा गूळ आलाय. आई त्याच्या पोळ्या करून बघायच्या म्हणते. आभा सात वर्षांची झाली. मराठी बोलते, पण "आजी, मी पाणी खाल्लं" म्हणते. बंगालीत पाणी खातात ना, तसं. आई दर वेळी तिला सुधारते आणि दर वेळी हसते. प्रथमेशची बँक त्याला एवढ्यात इथून हलवेलसं दिसत नाही. मी सकाळच्या गाडीने सियालदा गाठते आणि प्रयोगशाळेत जाते.

झाली खुशाली.

तुमच्या कंपनीचा अहवाल वाचला. समुद्रातला पाखरखडक सुरुंग लावून फोडायला आणि तिथे जेट्टी बांधायला पक्ष्यांच्या बाजूने काही अडचण नाही, असं त्यात म्हटलंय. खाली तुझी सही आहे. ज्या खडकावर आपण दोघींनी पीएचडीचे उन्हाळे काढले, डोक्यावर सुरय पक्ष्यांची शिट झेलत भाकरी खाल्ली, त्या खडकाबद्दल तू लिहितेस की इथले सुरय आणि दक्षिणेकडच्या बेटांवरचे सुरय जनुकांच्या दृष्टीने एकच. इथली वसाहत गेली तरी तिकडचे पक्षी येऊन भरपाई होईल. भरपाई! हा शब्द तुला सुचला तरी कसा?

तू डीएनएचा तो एकच छोटा तुकडा तपासलास, आईकडून पिल्लाकडे जाणारा. तेवढ्यावरून सगळे सुरय सारखेच दिसणार, हे तुला माहीत नव्हतं? आडनाव एक म्हणून गावातले सगळे जोशी एका घरचे ठरवण्यातला प्रकार. पूर्ण डीएनए वाचला असतास तर कळलं असतं की हे पक्षी फार जुन्या काळापासून आपापले वेगळे राहिलेत. बाहेरून येऊन इथे कुणी संसार मांडत नाही. म्हणून तर थोडे उरलेत आणि आपसांतच जोड्या जुळवून हळूहळू दुबळे होत चाललेत. हा खडक गेला की ते गेले. त्यांच्या जागी कुणी येणार नाही.

आणि तळटीप. त्यावरूनच मी तुला फोन केला होता. "२०१७ सालचे नमुने निकृष्ट असल्याने वगळले आहेत."

मी विचारलं, "निकृष्ट म्हणजे काय गं?"

तू म्हणालीस, "खराब झाले असतील. इतकी वर्षं झाली."

"असतील? तपासलेस का?"

तू मग म्हणालीस, "नूपुर, बंदर होणारच आहे. मी नाही सही केली तर दुसरं कुणी करेल. आणि किती वर्षं आपण त्या खडकावर बसून राहायचं?"

"तपासलेस का, लीना?"

"नाही उघडवल्या मला त्या नळ्या," म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्यानंतर माझा एकही फोन तू उचललेला नाहीस. दिवाळीला आईशी मात्र नेहमीसारखी बोललीस. फराळ काय केला विचारलंस. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होते.

नाही उघडवल्या, हे मला समजतं. माझ्याकडे आलेल्या अर्ध्या नळ्या मीही वर्षानुवर्षं फ्रीझरच्या तळाशी ठेवून दिल्या होत्या. त्यांच्यावर निखिलचं अक्षर आहे. त्याचा तो उलटा वळवलेला चार. माझा धाकटा भाऊ, तुझा होणारा नवरा. त्या वर्षी आभाच्या वेळचे माझे दिवस भरत आले नव्हते, पण मला होडीत बसायची मनाई होती, म्हणून तो माझ्या जागी तुझ्याबरोबर गेला. जून लागला होता, पण पिल्लं तेव्हाच असतात, त्याला कोण काय करणार? पिल्लांच्या पायांत आकडे कोरलेल्या कड्या घातल्या, थेंब थेंब रक्त घेतलं, आणि समुद्र फिरला. त्याने आधी नमुन्यांची पिशवी होडीत तुझ्या हाती दिली आणि मग उडी मारली. होडी लाटेबरोबर मागे गेली.

तू दोन्ही हातांनी ती पिशवी धरून होतीस, हे तूच मला सांगितलं होतंस. मी तुला त्यावर कधी काही विचारलं नाही. एकदाही नाही. आजही विचारत नाही. तू अरुणशी लग्न केलंस तेव्हा आईने स्वतः निवडून साडी पाठवली, आणि मला खरंच बरं वाटलं होतं. माझा राग त्याचा नाही. त्याने जी पिशवी आधी तुझ्या हाती दिली, तिला तू न उघडता निकृष्ट म्हणालीस. राग त्याचा आहे. "माझ्याकडून होत नाही" असं लिहायचं होतंस. एका ओळीत मला कळवायचं होतंस. मी विमानाने येऊन नळ्या घेऊन गेले असते. तू खोटं लिहिलंस, आणि त्याच्या मरणाच्या आडोशाला उभं राहून लिहिलंस.

मी माझ्या नळ्या उघडल्या, लीना. सगळे नमुने उत्तम आहेत. वर जे लिहिलं ते सगळं त्यांच्यातूनच निघालं.

आणखी एक. यंदा मेच्या अखेरीस मी खडकावर जाऊन आले. प्रथमेशला घेऊन, समुद्र शांत असताना. तुला सांगितलं नाही, आईलाही नाही. एक मादी अंड्यावर बसली होती, मी अगदी जवळ जाईपर्यंत उठली नाही. पायात कडी होती. आकडा ताडून पाहिला. निखिलने त्या दिवशी जी पिल्लं हातात घेतली होती, त्यांतलं ते एक. जिथे जन्मली तिथेच अंडं घालायला आली. दक्षिणेच्या बेटावर नाही गेली.

तिथे मी रडले. आता रडत नाही.

गेल्या आठवड्यात मी हरकत दाखल केली. माझे निष्कर्ष, कडीचा फोटो, आणि तुमच्या अहवालात काय वगळलं आणि कुणी, तेही. तुझं नाव घेतलंय. तुझी नोकरी जाऊ शकते, हे मला माहीत आहे. तुमच्या कंपनीच्या माणसाने फोन करून मला सल्लागार नेमायची तयारी दाखवली. मी काय उत्तर दिलं ते त्यालाच विचार.

हरकत दिल्यावर आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली नाही. हातातली जुडी संपवून म्हणाली, "त्या वर्षीची पिल्लं उडाली म्हणजे."

"हो, निदान एक तरी."

"आणि लीनाने त्या नळ्या बघितल्यासुद्धा नाहीत?"

"नाही."

मला वाटलं, तुझी बाजू घेईल. नेहमी घेते. "पोर एकटी होती त्या होडीत," म्हणते. आईने भाजीचं ताट बाजूला सारलं. "मी येते सुनावणीला."

"आई, एवढा प्रवास तुला झेपेल का? आणि तिथून तो समुद्र दिसतो."

"दिसू दे."

जनसुनावणी तीन डिसेंबरला आहे, तालुक्याच्या सभागृहात. अहवाल वाचून दाखवायला तुला बोलावतील. सही मागे घ्यायची असेल तर तोवर वेळ आहे. घेतलीस तर मी तुझ्या शेजारी येऊन उभी राहीन, रागावलेली असले तरी. नाही घेतलीस, तर आई पहिल्या रांगेत बसलेली असेल. "नमुने निकृष्ट" हे तिच्या तोंडाकडे बघून म्हण.

तुझी नणंद होता होता राहिलेली,
नूपुर