चारही मोटरी एकाच दिशेला

गोडादरा, सुरत
गुरुवार

…तर त्या सकाळी नळ आला, मी पिंप भरलं, डाळ कुकरला लावली, देवापुढचं शिळं फूल काढलं, ओटा पुसला आणि त्याच ओल्या ओट्यावर सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. पण थांबा, नमस्कार लिहायचा राहिला. ती. लीलाताई, तुमच्या पाया पडते. गुडघे कसे आहेत? शिरपूरला थंडी पडली असेल. तेल चोळता का, की बाटली नुसती उशाशी ठेवता? (तुमचे भाऊ म्हणायचे, ताईला औषध दिसलं की बरं वाटतं, घ्यावं लागत नाही.) मी बरी आहे. घर जळालेलं नाही. खालच्या उषाबाईंनी तुम्हाला फोन केलाच असेल, म्हणून हे आधी लिहिते. जळाली ती फक्त चादर, आणि तीही कोपऱ्यात.

आता मुळापासून सांगते. हे गेले तेव्हा दिवाणाखाली एक खोकं राहिलं होतं. त्यात एका छोट्या ड्रोनचे सुटे भाग होते. लूमच्या खात्यात जन्म काढलेल्या माणसाला हा नाद कुठून लागला, देव जाणे, पण महिन्याला एखादा भाग आणायचे आणि मला दाखवून पुन्हा खोक्यात ठेवायचे. कधी उडणार विचारलं की म्हणायचे, “व्हई जाई.” तुम्हाला ठाऊकच आहे, घराचं छतसुद्धा ‘व्हई जाई’ म्हणत चार पावसाळे गळलं. ड्रोनचा सांगाडा तेवढा जोडला, रिमोट लावून ठेवला आणि गेले.

गायत्री दिवाळीला बडोद्याहून आली तेव्हा तिला ते खोकं दिसलं. आई, हे विकून टाक, म्हणाली. मी म्हटलं, मी पुरं करते. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. ती हसली. मी एकटी राहते याचा घोर तिला आधीपासून आहे, त्यात आता हे. शेवटी म्हणाली, “पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी टेम्पो घेऊनच येते. ते उडालं तर टेम्पो रिकामा परत पाठवीन. नाही उडालं तर भांडी वर आणि तू पुढे माझ्याशेजारी.” पोरगी वाईट नाही हो. जावईही नीट आहेत. पण त्यांच्या घरात मला सकाळी उठून करायला काही नसतं, आणि खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते.

म्हणून मी बसले. मोबाइलवर वाचलं (वाचायची मला भीती नाही, सातवीनंतर जे शिकले ते पुड्यांच्या कागदांवर आणि वाचनालयाच्या बाकावर शिकले). प्रत्येक मोटरीच्या तीन तारा सर्किटच्या पाटीला जोडायच्या, असं लिहिलं होतं. जोडणं मला कोण शिकवणार? उधन्याच्या खात्यात ताण्याचा बीम संपला की नव्या बीमाचा एकेक धागा जुन्याला, बोटांना राख लावून, पीळ देऊन मीच जोडायची, सुपरवायझर ओढून बघायचा आणि एक सुटायचा नाही. तशाच या तारा पाटीच्या भोकांत घालून राख लावून पीळ दिल्या. मोटर एकदा कुरकुरली आणि मेली. दुसरी तर फिरेचना. मोबाइल दुरुस्तीवाल्या प्रमोदभाईंकडे पिशवी घेऊन गेले. त्यांनी पीळ बघितला, कौतुक केलं आणि म्हणाले की धाग्याला पीळ पुरतो, विजेला पुरत नाही, आणि राख तर नकोच.

मग सोल्डर सुरू झालं. पहिल्या दिवशी मी कथलाची तार आयर्नवर वितळवून वरून थेंब टाकत होते. थेंब बसायचा आणि बोट लावलं की सुटून यायचा. तो घेऊन पुन्हा प्रमोदभाई. “बेन, आ सोल्डर नथी, लाडवो छे,” म्हणाले. आधी जागा तापवा, मग तिथे तार टेकवा, ती आपोआप पसरेल. म्हणजे तवा न तापवता भाकरी टाकली होती मी, दुसरं काय. छोट्या तारा जमल्या. बॅटरीची जाड तार काही जमेना, आमचं आयर्न तिच्यापुढे थंड पडायचं. उषाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या (त्या दारव्ह्याच्या, आत येत नाहीत आणि जातही नाहीत). “काय करून राह्यल्या जी तुम्ही? कपड्याची इस्त्री लावा ना, मोठी असते.” मी लावली नाही. विचार मात्र केला. प्रमोदभाईंनी त्यांचं जाड आयर्न दिलं आणि त्यानेच चादर जळाली.

फिरत नव्हती त्या मोटरीचा दोष वेगळाच निघाला. यांनी स्क्रू शिलाई मशीनच्या दुकानातून आणले होते, ते लांब. आत जाऊन मोटरीच्या तांब्याला टेकत होते. खाली वायसर घातले, मोटर सुटली. त्या लांब स्क्रूंकडे बघून मला यांचा राग आला, आणि इतक्या दिवसांनी राग आला म्हणून बरं वाटलं.

मग बॅटरीच्या वाटेत रिक्षाचा बल्ब लावला. बल्ब लख्ख पेटला तर आत कुठेतरी तार तारेला टेकली आहे, मिणमिणला तर ठीक. लख्ख पेटला. चष्मा लावून शोधलं तर सोल्डरचा मोहरीएवढा दाणा दोन जागांमध्ये बसला होता. तो काढला, बल्ब मिणमिणला आणि चारही मोटरी फिरल्या. मी त्यांना कागदाची शेपटं चिकटवली होती, ती सगळी एकाच दिशेला. काय सुंदर दिसत होतं, ताई. मी तारा पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने लावल्या होत्या, चारही ठिकाणी सारख्या, काठ विणल्यासारख्या. मोबाइलवर व्हिडिओ काढून प्रमोदभाईंना दाखवला. त्यांनी तो दोनदा लावून शेपटं बघितली. मग कळलं की दोन मोटरी इकडे आणि दोन तिकडे फिरायला हव्यात, नाही तर ते उडत नाही, जागच्या जागी भोवऱ्यासारखं गरगरतं. आता दोन मोटरींच्या दोन दोन तारा अदलाबदल करायच्या. रविवार जवळ आला आणि माझा हात थरथरतो. बाकी सगळं ठीक.

तुमची,
शकू

ता. क. गायत्रीने चादरीचं विचारलं तर तुमच्या उदबत्तीने जळाली म्हणून सांगा. तुम्ही आषाढात आला होतात, आणि दिवाळीत ती चादर कपाटात होती, म्हणजे जुळतं.

ता. क. २. हात थरथरतो हे खोटं आहे. तारा बदलायचं काम चहा उकळेपर्यंत होण्यासारखं आहे. मी सोमवारपासून त्याला हात लावलेला नाही. नाही उडालं तर बडोदा. पण उडालं तर यांनी अर्धवट ठेवलेलं या घरात दुसरं काही नाही. मग मी सकाळी ओटा पुसून काय करू? तुम्ही शनिवारी या. गायत्रीला काही समजावू नका. नुसत्या माझ्याजवळ बसा.

ता. क. ३. पत्र शिरपूरच्या बसवाल्याकडे द्यायचं राहिलं, म्हणून हे शुक्रवारी लिहिते. आज सकाळी मी तारा बदलल्या. पंखे लावले, गच्चीवर नेलं. ते माझ्या डोक्याच्या वर गेलं, जरा थांबलं आणि पाण्याच्या टाकीवर आपटलं. दोन पंखे तुटले, एक तार निघाली. मी तुकडे पदरात गोळा करून खाली आले, गायत्रीला फोन केला, उडालं म्हणून सांगितलं, आणि टेम्पो नको, येताना नवे पंखे घेऊन ये म्हटलं.