मामाचा हत्ती हलेना

दि. ९ फेब्रुवारी

ति. मामास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, आधी कान पकडते. सोमवारी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर ‘अपडेट होत आहे, बंद करू नका’ असं म्हणत बसले आणि अख्खं ऑफिस माझ्या टेबलाभोवती गोळा झालं. जणू मीच कुठेतरी बटण दाबून आले होते! हिशेब खात्यातले साहेब तर पासवर्ड विसरण्यात पटाईत. काल फोन करून म्हणाले, स्क्रीन मेली. मी धापा टाकत जिने चढून गेले, तर स्क्रीनचं बटण बंद. मी ते चालू केलं तर मलाच म्हणतात, हे फोनवर नाही का सांगायचं! आता अशा माणसाला काय म्हणावं?

घरी येते तेव्हा माझ्यात काही त्राण उरत नाही रे. म्हणून एक सुचवते, रागावू नकोस. मी नोकरीसाठी इकडे आले तेव्हा आपण हा बुद्धिबळाचा डाव मांडला, एक पट तुझ्याकडे, एक माझ्याकडे, आणि एका पत्रात एक चाल. आता डाव संपत आलाय आणि मी हरणार हे शेंबड्या पोरालाही कळेल. तर हा डाव संपला की पत्रंही पुरे करू. मी तुला मोठ्या स्क्रीनचा फोन पाठवते. रविवारी एकमेकांची तोंडं बघत बोलू. शाई संपली, पाकीट कुठंय, टपाल कधी निघतं, काही कटकट नाही.

माझी चाल: उंट एक घर मागे. मामीला नमस्कार. तुझी तब्येत कळव, आणि खरी कळव.

तुझी भाची,
खटपटी


दि. २० फेब्रुवारी

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्या साहेबांना माझा नमस्कार सांग. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अशी गिऱ्हाइकं रोज भेटायची. फोन बिघडला म्हणून बोंब मारायची, आणि मी सायकल हाणत जावं तर रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला. पण तेव्हा निदान कुणीतरी पाणी विचारायचं.

तुला आठवतं का गं, शाळा सुटली की तू एक्स्चेंजमध्ये यायचीस? उंच स्टुलावर बसून पाय हलवत राहायचीस. यंत्रांच्या कपाटांतून ती टिकटिक चालू असायची, आणि एखादी टिकटिक चुकली की माझ्याआधी तुझे कान टवकारायचे. जेवणाच्या सुट्टीत केबलच्या रिकाम्या रिळावर पट मांडून मी तुला घोडा चालवायला शिकवला. तू त्याला सरळच पळवायचीस आणि वर माझ्याशी भांडायचीस. घरचं गजराचं घड्याळ उघडून बसलीस तेव्हापासून तुझं खटपटी हे नाव पडलं. मामीने त्यातला हरवलेला एक स्क्रू कितीतरी दिवस शोधला होता. काय दिवस होते! आता त्या इमारतीत फर्निचरचं दुकान आहे. मी त्या रस्त्याने जातच नाही.

फोनचं म्हणतेस, तर तू म्हणशील तसं. मी कोण नाही म्हणणारा! जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली. बोलणं संपलं की बोर्डावरचा दिवा विझायचा, झालं. हातात काही राहायचं नाही. पण तुझी दगदग मला कळते. डाव संपू दे, मग बघू. मामी म्हणते की पोस्टमनची सायकल वाजली की मी चहा टाकून उठतो. तिचं काही ऐकू नकोस.

माझी चाल: कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढे. घाई करून चुकीचं खेळू नकोस.

तुझा,
मामा


दि. ३ मार्च

ति. मामास,
सा. न. वि. वि.

आज चाल खेळत नाही, भांडते. एका जुन्या मशीनची दुरुस्ती झाली, ती चालते का बघायला म्हणून त्यात बुद्धिबळाचा प्रोग्रॅम टाकला आणि गंमत म्हणून आपला डाव मांडला. मामा, तो कॉम्प्युटर तुझ्या हत्तीकडेच बोट दाखवत राहिला! हत्ती माझ्या शेवटच्या ओळीत आणलास की मला मात. एका चालीत! मग मी मागच्या चालीही घालून पाहिल्या. गेल्या पावसाळ्यापासून प्रत्येक पत्रात तुला तीच चाल होती. आणि तू काय खेळतोस? तर प्यादं एक घर पुढे!

खरं सांगते, आधी हसले आणि मग घाबरले. एक्स्चेंजमधल्या सगळ्यांना हरवणारा माझा मामा, त्याला एवढी मात दिसू नये? डोळ्यांना काही त्रास होतोय का? की विसरायला होतंय? मामी आणि तू मिळून माझ्यापासून काही लपवत असाल तर बघा, मी पुढच्याच गाडीने येऊन उभी राहीन. डॉक्टरांकडे जा आणि काय म्हणाले ते लिही. तोवर माझा जीव टांगणीला.

ते प्यादं परत घे. हत्ती खेळ आणि सुखाने जिंक.

काळजीत असलेली,
खटपटी


दि. १४ मार्च

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

माझे डोळे ठणठणीत आहेत आणि डोकंही शाबूत आहे. तुझ्या धमकीमुळे मामीने मला डॉक्टरांकडे नेलंच. ते म्हणाले, तुम्ही इथे कशाला आलात? मी म्हटलं, भाचीला विचारा.

आता ऐक. तुझं ते यंत्र खुळं आहे. मी हत्ती शेवटच्या ओळीत आणला तर तुझा घोडा नाही का त्याला खाणार? माझ्या पटावर तुझा काळा घोडा ढळढळीत उभा आहे, त्या घरावर डोळा ठेवून. आयता हत्ती देऊ म्हणतेस? एवढा मी भोळा नाही. तुझ्याच पटावरून घोडा घरंगळला असेल, शोध टेबलाखाली. मामी पट पुसते ती एकेक मोहरं उचलून जिथल्या तिथे ठेवते, तेव्हा तिच्यावर ढकलू नकोस.

पटत नसेल तर पहिल्या पत्रापासून डाव पुन्हा मांडून बघ. लागेल तेवढा वेळ घे. मला कसली घाई नाही.

चाल तुझीच आहे.

तुझा,
मामा


दि. २६ मार्च

ति. मामास,
मनापासून नमस्कार.

डाव पहिल्यापासून मांडला. रविवारी सकाळी तुझी पत्रं जमिनीवर पसरली आणि उठले तेव्हा खोलीत दिवा लावायची वेळ झाली होती. जेवायचं भान राहिलं नाही. एकेका चालीसाठी पत्र उघडायचं, आणि चाल सापडायच्या आधी बाकीचंच वाचत बसायचं. मला पहिल्या नोकरीत रडू यायचं तेव्हा तू लिहिलं होतंस, की बिघाड सापडत नसला तर आधी चहा पी, तो कुठे पळून जात नाही. आई गेली तेव्हाचं तुझं पत्र तर मी तेव्हा धड वाचलंच नव्हतं. परवा वाचलं. त्यात फक्त ती लहानपणी कशी भांडायची ते होतं, आणि खाली चाल. मामा, आईचं ते भांडण मला दुसरं कोण सांगणार होतं रे?

फोनवर हे सगळं बोललो असतो, तर आता ते कुठे असतं?

मध्ये तुझं एक पत्र सापडलं. वजिराने माझा काळा घोडा मारलास म्हणून तू पानभर मिशांना पीळ दिलायस, आणि ‘मेला’ या शब्दाखाली दोनदा रेघ ओढलीयस. घोडा मेला तो मेलाच, माझा पट बरोबर होता. एवढ्या फुशारक्या मारलेला घोडा तू विसरणं शक्यच नाही. मग तू हत्ती का हलवत नव्हतास, ते मला कळलं. माझं फोनचं बोलणं जिव्हारी लागलं ना तुझ्या? आणि त्याच्याही आधीपासून, डाव संपला की मी लिहायची थांबेन अशी धास्ती होती तुला. एका शब्दाने बोलला नाहीस. वाईट आहेस तू, फार वाईट. पत्र घडी घालून परत ठेवलं आणि ते मी वाचलंच नाही असं समज.

तेव्हा माझं चुकलं. घोडा टेबलाखालीच सापडला. धूळ झटकली, तू सांगितलंस त्या घरात उभा केला. फोन मी पाठवणार नाही. नवीन शाई मात्र आणलीय, आणि पाकिटांचा गठ्ठा.

माझी चाल: तोच काळा घोडा, अडीच घरं, थेट तुझ्या वजिरावर. सांभाळ त्याला. राग आला असेल तर तो पुढच्या चालीत काढ, माया मात्र अशीच येऊ दे.

तुझी,
खटपटी