फ्रिजमधला रोल

३ मार्च

काढले! एकदाचे काढले. ताईला खिडकीपाशी उभी केली. दंडावरचे वळ, पाठीवरचे. बाबांच्या जुन्या छोट्या कॅमेऱ्याने. मोबाईलवर काढायची सोयच नाही — भावोजींचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, सगळ्यांचे फोन त्यांच्याच हातचे. माझासुद्धा. ताई म्हणाली, "त्याला नुसता वास लागला तरी मेले मी."

४ मार्च

पडदे ओढून रोल बाहेर काढला. आजच धुवायला टाकणार होते. ताईने हातच धरला. "फोटोवाला त्याच्याच गल्लीत. रोज चहाला एकत्र बसतात." मग परगावी जाऊन. पण सुट्टी मिळेपर्यंत? उन्हाळा हा असा, आणि उष्णतेने रोल खराब होतो म्हणे. काळ्या डबीत घातला, डबी पिशवीत, पिशवी वाटाण्याच्या डब्यात. फ्रिजमध्ये.

७ मार्च

ह्यांच्या हाती लागला. "वाटाण्यात हे काय?" सगळं सांगितलं. ह्यांनी झाकण लावलं, डबा आणखी आत सरकवला.

८ मार्च

दुपारभर वीज नव्हती. फ्रिज उघडायची भीती, न उघडायचीही. रोल नासला तर? ताई पुन्हा उभी राहणार नाही कॅमेऱ्यापुढे. मोठ्या मुश्किलीने राहिली होती.

११ मार्च

भावोजी आले. न सांगता!

"पाणी घेतो गं," म्हणत सरळ फ्रिजकडे. हे मध्येच उठले — "बसा हो, मी देतो."

पाणी पिताना भावोजी बघत होते माझ्याकडे. "ताई काही बोलली का तुला?"

"कशाबद्दल?"

हसले. "फोन दे जरा. हळू चालतोय म्हणालीस ना?" मी कधी म्हणाले? दिला. बराच वेळ चाळत बसले. जाताना दारात थांबून — "सासऱ्यांचा कॅमेरा कपाटावर दिसला. चालतो अजून?"

"छे! कधीचा बंद पडलाय."

दार लावलं आणि आधी कॅमेरा कपाटावरून उतरवून आत ठेवला.

१२ मार्च

ताईचा फोन, शेजारणीच्या मोबाईलवरून. एकच वाक्य. "रोल धुऊन आण." ठेवला.

१४ मार्च

सुट्टी मागितली नाही, सरळ मारली. थंड डबी लगेच उघडली की आत दव धरतं, म्हणून बसमध्ये न उघडता मांडीवर धरून बसले. कोणी मागच्या सीटवर बसलं की वाटायचं, भावोजीच आहेत.

परगावचा फोटोवाला म्हातारा, चांगला माणूस. आतून आला तो मान हलवतच. "बाई, रोल कोरा आहे. भरताना टोक चाकात अडकलंच नाही. तुम्ही बटण दाबत राहिलात, फिल्म जागची हललीच नाही."

म्हणजे मीच! माझ्याच हाताने! हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

१५ मार्च

सकाळी दारात ताई. हातात बॅग. मी रडत रडत सांगून टाकलं.

ती बॅगेवरच बसली. "कोरा? अगं, मी त्याला सांगून आले — फोटो वकिलाकडे पोचलेत. उगारलेला हात तसाच खाली आला त्याचा."

मग बाही वर केली. वळ नवे होते. "भर दुसरा. या खेपेला नीट."