पलंगाखालची कॉफी

नर्सिंग वसतिगृह
ता. ४ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. तुझं पत्र मिळालं. फोनवर 'हं, हं, बरं आहे' यापलीकडे तू जात नाहीस आणि कागद हाती आला की चार पानं भरतेस, म्हणून मीही आपलं पत्रच लिहिते. एकच विनंती आहे. पाकिटावर तरी 'उवाबाई' लिहू नकोस. इथल्या चौकीदाराने ते परवा सगळ्यांदेखत मोठ्याने वाचलं. पन्नाशी उलटलेली बाई मी, माझी काही अब्रू आहे की नाही!

अभ्यास ठीक चालू आहे. कॅन्सर नर्सिंगच्या या पदव्युत्तर वर्गात मी सगळ्यात थोरली. बाकीच्या मुली मला 'आजी' म्हणतात आणि वर 'आजी, तुम्हाला या वयात कुणी सांगितलं होतं हे?' असं विचारतात. आमच्या मेट्रनबाईंनी सांगितलं होतं, दुसरं कोण? त्यांच्या निवृत्तीच्या आधी आमच्या हॉस्पिटलात हे शिकलेली एक तरी बाई हवी म्हणे. इतकी वर्षं मी काय अडाणी होते?

इथे आम्हाला संवादकौशल्य नावाचा विषय आहे. वाईट बातमी ऐकलेल्या पेशंटशी कसं बोलावं, त्याची परीक्षा. पेशंट म्हणून हिशेब खात्यातल्या कारकुनाला खाटेवर निजवतात. आपण खुर्ची जवळ ओढायची, मान किंचित तिरकी करायची, त्याच्या हातावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'तुम्हाला काही बोलायचं आहे का? मी ऐकते आहे.' खुर्चीला मार्क, मानेला मार्क, हाताला मार्क. माझ्या खोलीतल्या मुलीला सगळ्या पोपट म्हणतात; ती आरशासमोर मान तिरकी करून हे वाक्य घोकत बसते. परवा तर कारकुनालाच हसू फुटलं. म्हणाला, "सिस्टर, जरा लवकर ऐका, मला जेवायला जायचंय." सगळ्या खिदळल्या. मला मात्र शिसारी आली. मायेचं असं कवायतीसारखं एक-दोन-तीन करायचं? शाळेतल्या आजारखोलीतली ती म्हातारी नन आठवते तुला? फुटलेला गुडघा कार्बोलिकने खसाखसा धुवायची, वर एक चापट द्यायची. तिला या परीक्षेत भोपळा मिळाला असता.

सध्या माझी पाळी जखमांच्या वॉर्डात आहे. ताई, गाठ आतून वाढत कातडी फोडून बाहेर आली की तिथलं मांस कुजतं. त्याचा वास पुस्तकात लिहिता येत नाही. नुसता घाण असता तरी चाललं असतं. तो गोडसर असतो, आणि तेच फार ओंगळ आहे. केसांत बसतो, उशीवर येतो, घास तोंडाशी नेला की तिथे असतो. मोठे डॉक्टर रुमालावर यूडीकोलन शिंपडून राऊंडला येतात, खाटेच्या पायथ्याशी उभे राहून 'छान, छान' म्हणतात आणि पुढे सरकतात. काय छान? एका बाईंचे दोन मुलगे रोज दारातच नाकाला रुमाल लावून उभे असतात. आत यायचं नाव नाही. त्या दोघांना बघितलं की जखमेपेक्षा जास्त ढवळतं मला.

आमच्या मॅडम म्हणतात, पेशंट आधी तुमचं नाक बघतो. म्हणून नाकाखाली बाम चोळायचा नाही, तोंडाने श्वास घ्यायचा, चेहरा इस्त्री केल्यासारखा ठेवायचा. मला ते आता चांगलं जमतं. खाटेखाली ताटलीत कॉफीची पूड पसरून ठेवतात, ती वास ओढून घेते. सारा वॉर्ड कॉफीहाऊससारखा दरवळत असतो. कॉफी प्यायची इच्छा जन्माची मेली माझी.

तू तुमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल विचारलंस. छातीवरची गाठ वर्षभर लपवली, आता पाझरते, वास येतो, घरच्यांना कळू न देता काय करता येईल, असं. अगं, घरच्यांना कळू न देता काही करायचं नसतं. तिला हाताला धरून डॉक्टरकडे ने. वासावर साधं औषध असतं, कोळशाची पट्टी असते, सगळं असतं, पण आधी कुणाला तरी दाखवावं लागतं. आणि खरं सांगू? अशा बायकांची मला किळस येते. शिकल्यासवरल्या असतात, दुसऱ्यांना शहाणपण शिकवतात, आणि स्वतःचं अंग सडेपर्यंत पदराआड झाकून बसतात. मग आम्ही आहोतच निस्तरायला. सांग तिला माझ्या नावाने.

तुझ्या शिवणाच्या क्लासला सुट्टी का दिलीस? हात दुखतो म्हणतेस तर शेक घे. पुढच्या आठवड्यात अभ्यासाची रजा आहे, दोन दिवस तुझ्याकडे येईन. माझं ते निळं पोलकं उसवलंय, तेही आणते.

तुझी,
धाकटी


ता. २० ऑगस्ट

प्रिय ताई,

सुखरूप पोचले. बसला गर्दी नव्हती, खिडकीजवळ जागा मिळाली. तू दिलेला डबा पोपटने संपवला. पोलकं छान शिवलंयस, उसवलेलं कुठे होतं ते शोधूनही सापडत नाही. भाऊजींना सांग, त्यांच्या सर्दीवर मी लिहून दिलेलं औषध घ्यावं. चाळीस वर्षं ज्या माणसाला गुलाब आणि गटार यांतला फरक कळत नाही, त्याला औषधाने काय होणार, तो भाग वेगळा.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. चहा पिऊन आले. आता लिहिते.

जिन्यात मला तुमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. एका हातात बादली, दुसऱ्या हातात धुण्याचा पिळा, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत चढत होत्या. मी आपली हलक्या आवाजात विचारते, "आता कसं आहे तुमचं?" तर त्या म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? तुमच्या ताईंनाच विचारा, दार उघडत नाहीत हल्ली." मी तिथेच पायरीवर बसले. त्यांना वाटलं, मला चक्कर आली.

तू दार उघडलंस आणि मला जवळ घेतलं नाहीस. एरवी माझ्या बरगड्या मोडतील अशी मिठी मारतेस. त्या दिवशी टेबलाच्या पलीकडेच उभी राहिलीस, उकाड्यात अंगावर शाल, खिडक्या बंद. आणि खोलीत कॉफी. आपल्याकडे कॉफी कधी कुणी प्यायलंय का? भाऊजी मोठ्या कौतुकाने सांगत होते, "तुझ्या ताईचं नवं खूळ बघ. पलंगाखाली ताटलीभर कॉफी पसरते, म्हणे ढेकूण येत नाहीत. आणि मी घोरतो म्हणून माझी गादी बाहेर टाकली." तू हसलीस. मीही हसले.

मी वाकून बघितलं नाही. गरजच नव्हती. कॉफीच्या खालून तो गोडसर वास येत होता, ताई. तो मला आता हजार वासांतून ओळखता येतो. सरकारी खर्चाने तेवढं शिकले आहे.

आणि मग मी काय केलं? आजवर जे जे केलं त्यात इतकं हिडीस काही केलं नसेल. मी तोंडाने श्वास घ्यायला लागले. चेहरा इस्त्री केला. खुर्ची तुझ्याजवळ ओढली, मान तिरकी झाली, हात तुझ्या हातावर गेला आणि माझ्या तोंडातून ते वाक्य बाहेर पडलं, "तुला काही बोलायचं आहे का? मी ऐकते आहे."

तू माझ्याकडे बघितलंस. आधी नाकाकडे. मग हसून म्हणालीस, "हा किती मार्कांचा प्रश्न गं?"

आणि पोलकं शिवायला उठून गेलीस. दुसऱ्या दिवशी मला बसमध्ये बसवायलाही आली नाहीस, भाऊजींना पाठवलंस. स्टँडमागच्या भिंतीजवळ जाऊन मी ओकले. भाऊजी पाठ चोळत होते, बिचारे, "काल जेवण जड झालं का?" म्हणत होते. मी हो म्हटलं. वासाने ओकले नाही मी. वॉर्डात याहून वाईट रोज बघते. पत्रात मी जे लिहिलं होतं ते तू वाचलंस, घडी घातलीस, आणि त्यातली फक्त कॉफी उचललीस. ते घशाशी आलं. आणि तुझा खोटेपणाही. मी काही संत नाही. शेजारणीच्या नावावर खपवलंस मला! मला, जी हेच शिकायला घर सोडून आलेली आहे!

तुझ्या घराजवळच्या हॉस्पिटलात नको असेल तर इथे ये. मी खाट बघते. उत्तर पाठव. नुसतं 'हं' चालणार नाही.

— मी


ता. २ सप्टेंबर

ताई,

नमस्कारबिमस्कार राहू दे. तुझ्या पाकिटात एकच ओळ निघाली: 'तुला किळस येते ना, मग तू कशाला, दुसरी कुणी नर्स बघ.' कागद उलटा करून पाहिला. मागे काही नाही. पाकिटावर उवाबाईही नाही, माझं शाळेच्या हजेरीतलं पूर्ण नाव. चौकीदाराने निमूट हातात दिलं.

रागाने दोन दिवस लिहिलं नाही. मग त्या नावाची आठवण काढत बसले.

तुला आठवतं का, बोर्डिंगात माझ्या डोक्यात उवा झाल्या तेव्हा मी सात वर्षांची होते? नुसत्या उवा नव्हत्या, डोकं खाजवून खाजवून फोड आले होते, त्यातून पू यायचा, उशीला घाण वास. मुली माझी खाट ढकलून भिंतीपाशी लावायच्या. मुख्य ननने सांगितलं, रविवारी हिचे केस पूर्ण कापायचे. मी रडून आकांत केला. तू जिन्याखालच्या कोनाड्यात मला मांडीत घेऊन तेल चोळायचीस, एकेक ऊ काढून अंगठ्याच्या नखावर चिरडायचीस. तुझं तोंड कसं व्हायचं ते मला अजून दिसतं. "ईऽऽ, घाणेरडी कुठली! शी शी शी! केवढी ही मेली!" नाक मुरडायचीस, ओकारी काढायचीस, जीभ बाहेर काढायचीस. मी रडता रडता हसायचे. तुझा चेहरा कधी सपाट नव्हता. आणि तुझी मांडीही कधी हलली नाही.

मग शनिवारी तू माझ्या खाटेवर येऊन झोपलीस. तुझे ते कमरेपर्यंतचे दाट केस, अख्ख्या शाळेला ज्यांचा हेवा, ते सोडून तू डोकं माझ्या डोक्याला चिकटवलंस. मी म्हटलं, "तुला पण होतील." तू म्हणालीस, "होऊ देत. झोप, उवाबाई." रविवारी ननने तुझं डोकं तपासलं आणि कपाळावर हात मारला. दोघींचे केस एकाच कात्रीने गेले. प्रार्थनेला आपण दोघी सोललेल्या बटाट्यांसारख्या शेजारी उभ्या होतो.

तर किळसेचं तू मला सांगू नकोस. तुला माझी किळस आली होती. चांगली भरपूर आली होती.

संवादकौशल्याचा पेपर काल झाला. तोच कारकून होता. मी खुर्ची ओढली, मान तिरकी केली नाही, आणि त्याला म्हटलं, "तुम्हाला तुमच्या जखमेचा वास येतोय हे मला कळतंय. मला पण येतोय. तरी मी इथेच बसणार आहे." तो गोंधळला, त्याला दिलेल्या उत्तरांत हे नव्हतं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. नापास झाले असेन तर असेन.

मी गुरुवारी येते. मेट्रनबाईंची आणि मॅडमची, दोघींची परवानगी घेतली आहे. पट्ट्या, औषध, हातमोजे, सगळं आणते. आधी तुझ्या खोलीत, दार लावून, फक्त आपण दोघी. पट्टी मी बदलेन. शुक्रवारी डॉक्टर. भाऊजींना आपण दोघी मिळून सांगू. त्यांचं नाक गेलंय, डोळे शाबूत आहेत, आणि गादी उगाच बाहेर पडून त्यांची पाठ धरलीय.

तू बरी होशील, असं मी लिहीत नाही. ते मला माहीत नाही, आणि तुला थाप मारायची हिंमत नाही. वास जाईल, हे मात्र माहीत आहे. पाझर थांबवता येईल. रात्रीची झोप लागेल. तू पुन्हा खिडकीत मशीन लावून शिवायला बसशील. त्यापुढचं डॉक्टर सांगतील ते दोघी एकदम ऐकू.

एक अट आहे. ती ताटली मोरीत रिकामी कर आणि खिडक्या उघड. मी बाम लावून येणार नाही. तोंडाने श्वास घेणार नाही. पट्टी सुटली की माझं नाक मुरडेल, कदाचित तोंडातून 'ईऽऽ' निघेल, ओकारीही येईल. तू बघ खुशाल आणि हस. माझी मांडी हलणार नाही.

आणि रात्री भाऊजींना राहू दे अजून एक दिवस बाहेर. पलंगावर माझी उशी तुझ्या उशीला लावून ठेव.

तुझीच,
उवाबाई